धुराची गाडी रद्द

भोंगासाहेबांचा आवाज ऐकला नाही असा माणूस त्या शहरात सापडला नसता, आणि भोंगासाहेबांना पाहिलेला माणूस शोधायलाही तितकाच त्रास पडला असता. बसस्थानकाच्या चौकशी खिडकीमागे एक काचेची खोली होती. खोलीत टेबल, टेबलावर माईक आणि माईकसमोर भोंगासाहेब. कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली, कोणती सुटली, कोणती वाटेत रुसून बसली, हे सगळं ते खर्जातल्या, संथ, काठोकाठ भरलेल्या आवाजात सांगत. वाङ्मयाची पदवी घेतलेल्या माणसाने "मागील दाराने चढू नये" हे वाक्य उच्चारलं तरी त्यात थोडं वाङ्मय उतरतंच, असं त्यांचं मत होतं. तोंडावर सगळे त्यांना साहेब म्हणत, पाठीमागे भोंगा म्हणत, आणि कुणाच्या तरी तोंडून घाईत दोन्ही एकदम निघाल्यामुळे भोंगासाहेब हे नाव रूढ झालं. त्यांनी ते किताब मिळाल्यासारखं स्वीकारलं होतं.

अशा माणसाला संमोहनशास्त्राकडे ढकलावं लागत नाही. तो त्या दिशेला उताराला लागलेलाच असतो. पण भोंगासाहेबांच्या बाबतीत ढकलणारं कारण घरातच होतं.

त्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, त्याच आगारात ड्रायव्हर होता. घाटातल्या रस्त्याला त्याच्याइतका हलक्या हाताचा ड्रायव्हर दुसरा नाही, हे त्याचं ज्यांच्याशी पटत नसे तेही कबूल करत. पण तो सिगारेटी ओढायचा. ओढायचा म्हणजे एकीच्या टोकावर दुसरी पेटवायचा आणि काडेपेटी वाचवली म्हणून स्वतःला काटकसरी समजायचा. त्याची गाडी आल्याचं प्रवाशांना हॉर्नच्या आधी खोकल्यावरून कळे. गेल्या वैद्यकीय तपासणीत त्याला एका नळीत फुंकायला लावलं, तेव्हा यंत्राचा काटा जागचा उठला, थोडा घुटमळला आणि पुन्हा बसला. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सांगितलं, पुढच्या तपासणीत काटा लाल रेघेपलीकडे गेला नाही तर स्टेअरिंग काढून घेणार आणि टायरच्या गोदामात बसवणार.

मेहुणा हे सांगायला बहिणीकडे आला, तेव्हा नेहमीसारखा हसला नाही.

"ताई, गोदामात बसायला माझी ना नाही गं," तो म्हणाला. "पण संध्याकाळी तिथून जो माणूस घरी येईल ना, तो मी नसेन."

एवढं बोलून तो गॅलरीत गेला आणि त्याने सिगारेट पेटवली. बायकोने भोंगासाहेबांकडे पाहिलं.

"अहो, सगळ्या जगाला गाड्या सांगता. माझ्या भावाला एवढी एक गोष्ट सांगता येत नाही तुम्हाला?"

आता या प्रश्नाला उत्तर म्हणून दुसरा कोणी मेहुण्याला दोन खडे बोल सुनावून मोकळा झाला असता. भोंगासाहेब मुळाशी जाणारे गृहस्थ. एका फर्निचरच्या दुकानावरच्या सभागृहात 'संमोहनाद्वारे धूम्रपानमुक्ती' या विषयाचे रविवारचे वर्ग भरत, तिथे त्यांनी नाव घातलं. शिकवणारे संमोहनतज्ज्ञ रुपेरी केसांचे, पांढऱ्या बुटांचे आणि डोळ्यांत डोळे घालून बोलणारे होते. त्यांनी भोंगासाहेबांना सगळ्यांपुढे एक उतारा वाचायला लावला, तेव्हा समोरच्या रांगेतला एक विमा प्रतिनिधी गाढ झोपी गेला. तो भोंगासाहेबांनी तोंड उघडायच्या आधीच झोपला होता असं शेजारच्याचं म्हणणं पडलं, पण शास्त्रात अशा मत्सरी साक्षी ग्राह्य धरत नाहीत. तज्ज्ञ म्हणाले, "तुमचा आवाज म्हणजे निद्रेचं औषध आहे."

भोंगासाहेबांनी घरी येऊन हे अक्षरशः सांगितलं.

"ते मला लग्न झाल्यापासून माहीत आहे," बायको म्हणाली.

वर्ग संपल्यावर प्रमाणपत्र मिळालं. ते दिवाणखान्यात टांगण्यासाठी भिंतीवर खिळा ठोकला, तेव्हा त्या आवाजाने वरचे निवृत्त मास्तर खाली आले आणि खालचा टेलर वर आला. भोंगासाहेबांच्या इमारतीत खिळा हे निमंत्रणच असतं. दोघांनी प्रमाणपत्र वाचलं, मेहुण्याची केस समजून घेतली आणि ताबडतोब सल्ले दिले.

"संमोहन वगैरे ठीक आहे," मास्तर म्हणाले, "पण त्याच्याकडून 'मी सिगारेट ओढणार नाही' असं पानंच्या पानं लिहून घ्या. माझ्या वर्गातली भलीभली कार्टी वठणीवर आली आहेत."

"तोंडात टाचण्या धरायला सांगा," टेलर म्हणाला. "मी धरतो ना दिवसभर. टाचण्या तोंडात असल्या की सिगारेट ओढता येत नाही, गिऱ्हाइकाशी वाद घालता येत नाही आणि बायकोला उत्तर देता येत नाही. तिन्हीकडून फायदा."

मेहुण्याने स्वभावाप्रमाणे दोघांचाही मान राखला. त्याने मास्तरांसमोर बसून पानंच्या पानं लिहिली. उजव्या हाताने लिहिलं, डाव्या हातात सिगारेट होती. टाचण्यांचा प्रयोग पहिल्या खोकल्यालाच थांबवावा लागला, आणि त्यातल्या बहुतेक टाचण्या सोफ्याने परत केल्या.

मग आली खरी उपचाराची सायंकाळ. भोंगासाहेबांनी मेहुण्याला आरामखुर्चीत बसवलं, दिवा मंद केला, पडदे ओढले. मास्तर निरीक्षक म्हणून कोपऱ्यात बसले होते. भोंगासाहेबांनी घसा साफ केला आणि तज्ज्ञांच्या पुस्तकात छापल्याबरहुकूम सुरुवात केली.

"तू एका शांत समुद्रकिनाऱ्यावर आहेस. मऊ वाळू आहे. मंद वारा आहे."

"गाडी कुठे लावली?" मेहुण्याने डोळे मिटूनच विचारलं.

"गाडी नाही. तू चालत आलास."

"समुद्रापर्यंत? एवढ्या लांब?"

"हो. आणि तुला आता थकवा जाणवतो आहे. गोड थकवा."

"मग बसून एक ओढतो आधी," मेहुणा म्हणाला आणि त्याचा हात खिशाकडे गेला.

भोंगासाहेबांनी त्याला समुद्रकिनाऱ्यावरून उठवून बागेत नेलं, बागेतून तळ्याकाठी नेलं, मग एका न संपणाऱ्या जिन्यावरून खाली उतरवलं. प्रत्येक ठिकाणी मेहुण्याला आधी पार्किंगची चिंता पडे आणि नंतर सिगारेटची आठवण होई. शेवटी कोपऱ्यातून घोरण्याचा आवाज आला. मास्तर जिन्याच्या तळाशी कधीच पोचले होते. त्यांना उठवायला मोठा वेळ लागला.

"आयुष्यात कधी हात लावला नाही मी," ते उठताच म्हणाले. "पण एवढ्या वेळा नाव ऐकल्यावर वाटतंय, काय असते ती एकदा बघावी."

मास्तरीणबाई त्यानंतर कित्येक दिवस भोंगासाहेबांशी बोलल्या नाहीत.

पण भोंगासाहेबांच्या स्वाभिमानाला खरा दणका बसला तो नंतर. ते मेहुण्याला म्हणाले, "अरे, तू मन एकाग्र करत नाहीस. माझ्या आवाजावर लक्ष दे."

"तेच तर जमत नाही ना, भावोजी," मेहुणा अगदी सरळपणे म्हणाला. "तुमचा आवाज आला की माझे कान आपोआप मिटतात. माझेच नाही, आगारातल्या सगळ्यांचेच. दिवसभर तोच आवाज! कुठली गाडी कुठे लागली, आम्हाला काय करायचंय? आमची आम्हाला ठाऊक असते. फक्त 'रद्द' म्हणालात की जागे होतो."

भोंगासाहेब दुसऱ्या दिवशी कामावर गेले ते खिन्न मनाने. ज्या श्रोत्यांपुढे आपण इतकी वर्षं शब्द न् शब्द घासूनपुसून ठेवत आलो, त्यातला अर्धा भाग कान मिटून बसतो हे कळल्यावर कोणता कलावंत उभा राहील? त्या दिवशी त्यांनी घोषणा अशा काही कोरड्या केल्या की एक प्रवासी खिडकीशी येऊन विचारून गेला, "आज नवीन माणूस आहे का?" या प्रश्नाने मात्र त्यांना बरं वाटलं.

दुपारी एक गाडी खरोखरच रद्द झाली. भोंगासाहेबांनी घोषणा केली आणि सहज काचेतून पाहिलं. फलाटावर त्या गाडीचा ड्रायव्हर उभा होता. 'रद्द' हा शब्द कानावर पडताच त्याचे खांदे खाली आले. त्याने लांब श्वास सोडला. विश्रांतीगृहाच्या पायरीवर बसून त्याने बूट काढले, ते शेजारी शेजारी नीट ठेवले, भिंतीला डोकं टेकलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जी शांती पसरली ती रुपेरी केसांच्या तज्ज्ञांच्या पुस्तकातल्या कुठल्याही चित्रात नव्हती.

भोंगासाहेब खुर्चीतून अर्धे उठले. मोठमोठे शोध लागताना माणसं अशीच अर्धी उठत असावीत.

संध्याकाळी त्यांनी मेहुण्याला पुन्हा खुर्चीत बसवलं. समुद्र नाही, वाळू नाही. माईकचा घुमारा यावा म्हणून त्यांनी तोंडासमोर रिकामी बादली धरली. बायको म्हणाली, "अहो, खिडकी तरी लावून घ्या." ती लावल्यावर भोंगासाहेब आपल्या खऱ्या, कार्यालयीन, घोटीव आवाजात बादलीत बोलले:

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. ओठांवरून छातीकडे जाणारी धुराची गाडी काही अपरिहार्य कारणामुळे आजपासून रद्द करण्यात आली आहे. प्रवाशांनी तिची वाट पाहू नये. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

मेहुण्याचे खांदे खाली आले. त्याने वाकून बूट काढले, शेजारी शेजारी ठेवले आणि मान मागे टाकली. बायकोने तोंडावर हात ठेवला. भोंगासाहेबांनी, बादली न हलवता, धुराशिवायच्या घाटरस्त्याचं, मोकळ्या छातीचं आणि लाल रेघेपलीकडे गेलेल्या काट्याचं वर्णन केलं. मग जागं करण्यासाठी ते म्हणाले, "गाडी फलाटावर लागलेली आहे." मेहुणा ताडकन उठला, बूट घातले, आणि चहा पिऊन घरी गेला. गॅलरीत गेला नाही.

दुसऱ्या दिवशी ओढली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मधे एकदा फार तळमळला, तेव्हा आपण होऊन बादली घेऊन आला.

इथेच थांबले असते तर भोंगासाहेब सुखी राहिले असते. पण ही गोष्ट आगारात फुटायला वेळ लागला नाही. मेहुण्याने न खोकता गाडी आणल्यामुळे प्रवाशांना ती आल्याचंच कळेना, तेव्हा चौकशी झाली. मग एकेक ड्रायव्हर चौकशी खिडकीशी येऊन हळूच म्हणू लागला, "साहेब, जरा आमचीही गाडी रद्द करा की." भोंगासाहेबांनी दुपारच्या सुट्टीत विश्रांतीगृहात सामुदायिक उपचार सुरू केले. ओढणारे तर आलेच; ज्यांनी कधी सिगारेटला स्पर्शही केला नव्हता तेही सोडायला येऊ लागले, कारण तिथे आडवं व्हायला मिळे. भोंगासाहेब फरक करत नसत. त्यांच्या मते प्रतिबंधक उपचारालाही काही स्थान असतं.

आगारप्रमुखांना मात्र प्रत्येक गोष्टीचा रकाना लागे. त्यांनी भोंगासाहेबांना बोलावून घेतलं.

"संमोहित ड्रायव्हर हजर समजायचा की गैरहजर?"

"साहेब, मनाने तो खोल गेलेला असतो. शरीराने हजर असतो."

"मन हजेरीपटावर नाही," आगारप्रमुख म्हणाले आणि त्यांनी मुख्यालयाचं मार्गदर्शन मागवलं. मुख्यालयाने कळवलं, की संमोहन हा प्रकार उपलब्ध कोणत्याही सदरात बसत नसल्यामुळे संबंधित वेळ तूर्त 'धुण्यासाठी थांबले' या सदराखाली दाखवावी. ते सदर गाड्यांचं होतं. त्यामुळे आगारातले बरेचसे ड्रायव्हर त्या काळात नियमितपणे धुतले गेले, असं दप्तरावरून दिसतं. सिगारेटची थोटकं गोळा करणाऱ्या सफाईवाल्या बाईंनी तर भोंगासाहेबांना वाटेत अडवून सांगितलं, "साहेब, आता माझा अर्धा वेळ नुसता झाडू टेकून उभं राहण्यात जातो." भोंगासाहेबांनी हे बायकोला जेवताना सांगितलं, मास्तरांना जिन्यात सांगितलं आणि टेलरला, गरज नसताना शर्टाचं माप द्यायला जाऊन सांगितलं.

आणि मग तो दिवस उजाडला.

सकाळच्या गर्दीची वेळ होती. सगळे फलाट भरलेले, इंजिनं सुरू, कंडक्टर दारात उभे. तेवढ्यात कार्यशाळेतून निरोप आला, की एका गाडीचा क्लच गेला आहे. भोंगासाहेबांनी माईक ओढला आणि कुठल्याही वाईट हेतूशिवाय, निव्वळ कर्तव्य म्हणून, त्या एका गाडीविषयी घोषणा केली: "...रद्द करण्यात आली आहे."

पहिल्या फलाटावरचं इंजिन बंद झालं. भोंगासाहेबांनी काचेतून पाहिलं. ड्रायव्हर वाकून बूट काढत होता. मग शेजारचं इंजिन बंद झालं. मग त्याच्या पलीकडचं. एखाद्या इमारतीतले दिवे मालवत जावेत तशी इंजिनं बंद होत गेली आणि स्थानकावर अशी काही शांतता पसरली, की लांब कुठेतरी उकळणाऱ्या चहाचा आवाज ऐकू येऊ लागला. प्रत्येक स्टेअरिंगवर एक तृप्त डोकं टेकलेलं होतं. मग कंडक्टरांनी घंटा वाजवायला सुरुवात केली. प्रवासी ओरडू लागले. एक आजीबाई ड्रायव्हरच्या खिडकीखाली उभ्या राहून म्हणाल्या, "अरे बाळा, घरी काही झालंय का?"

भोंगासाहेबांना घाम फुटला. परंतु सत्य लपवण्यात अर्थ नाही: घामाच्या खाली कुठेतरी त्यांना विलक्षण आनंद होत होता. इतका मोठा सामुदायिक प्रयोग एका वाक्यात यशस्वी केलेला दुसरा माणूस त्यांच्या माहितीत नव्हता.

त्यांनी सगळ्यांना जागं करण्यासाठी माईककडे हात नेला, आणि दार धाडकन उघडून आगारप्रमुख आत आले.

"एक शब्द बोलायचा नाही! माईक सोडा!"

"साहेब, मला फक्त..."

"एक शब्दही नाही म्हणतोय ना!"

त्यांनी स्वतः माईक घेतला आणि ओरडले, "उठा! सगळ्यांनी उठा! हा हुकूम आहे!" फलाटावर ताटकळलेले प्रवासी तेवढे दचकले. एका ड्रायव्हरने कूस बदलली. आगारप्रमुखांनी निलंबनाची धमकी दिली, बढतीचं आमिष दाखवलं, शेवटी विनंती केली. सर्वत्र तीच शांती. भोंगासाहेब हाताची घडी घालून उभे होते, कारण त्यांना बोलायला मनाई होती, आणि वरिष्ठांचा आदेश त्यांनी आजवर मोडलेला नव्हता.

अखेर आगारप्रमुखांनी न बघता माईक त्यांच्या पुढे धरला. भोंगासाहेबांनी कॉलर नीट केली, योग्य तेवढा वेळ घेतला आणि म्हणाले, "गाडी फलाटावर लागलेली आहे." सगळ्या खिडक्यांतून बूट चढवण्याची धांदल दिसली, इंजिनं गुरगुरली, स्थानक हललं.

त्याच दुपारी भोंगासाहेबांची बदली हरवलेल्या सामानाच्या खोलीत झाली. माईकवर मुख्यालयाने पाठवलेलं एक यंत्र बसलं, त्यातून एक बाई प्रत्येक गावाचं नाव परक्याच्या बाळासारखं हातात धरून बोलायची. छत्र्या, डबे आणि एका कुबडीच्या सहवासात भोंगासाहेब तिचे उच्चार ऐकत आणि डोळे मिटून घेत. आगारप्रमुखांनी बजावलं होतं, "चौकशी पूर्ण होईपर्यंत इथे बसा. पुन्हा जर ड्रायव्हरांपुढे ते 'रद्द' तुमच्या तोंडून निघालं, तर माईक कायमचा गेला समजा. गप्प बसलात, तर बघू."

"गप्प बसा हो थोडे दिवस," बायको म्हणाली. "तुम्हाला घरात गप्प बसलेलं बघवत नाही मला, पण तिथे बसा."

मेहुण्याची तपासणी त्यानंतर थोड्याच दिवसांत आली.

दवाखान्याचा लांबच लांब व्हरांडा होता. उंच छत, चकचकीत फरशी, भिंतीला लागून बाकं. बाकांवर आगारातले ड्रायव्हर तपासणीसाठी ओळीने बसले होते, आणि त्यांच्यामध्ये साधे रुग्णही होते. तपासणीच्या खोलीच्या दाराजवळच्या खुर्चीवर मांडीवर फाइल घेऊन खुद्द आगारप्रमुख बसले होते. भोंगासाहेब आणि बायको मेहुण्याच्या सोबतीला आले होते.

मेहुण्याने इतके आठवडे सिगारेट तोंडाला लावली नव्हती. पण आत गेला आणि नळी पाहूनच घाबरला. फुंकर धड लागेना. काटा लाल रेघेच्या खालीच थरथरत राहिला. वैद्यकीय अधिकारी माणूस बरा होता. ते म्हणाले, "घाबरला आहात तुम्ही. थोडं बाहेर बसा. मग शेवटचं एकदा फुंका. त्यात जे येईल ते लिहीन."

मेहुणा बाहेर आला तो पांढराफटक. बाकावर बसला, उठला, पुन्हा बसला. पलीकडच्या एका रुग्णाकडे जाऊन काहीतरी पुटपुटला आणि परत आला तेव्हा त्याच्या बोटांत सिगारेट होती.

"अरे, काय करतोयस?" बायको म्हणाली.

"एकच, ताई. एकच झुरका. नाहीतर माझ्याने आत जाववणार नाही. छातीत नुसतं धडधडतंय."

"एका झुरक्याने खोकला उठेल तुझा! गेलंच मग सगळं!"

"तसंही गेलंच आहे गं," मेहुणा म्हणाला आणि बाहेर बागेत उघडणाऱ्या दाराकडे निघाला. त्याचे डोळे भरले होते. इतक्या उंच, धिप्पाड माणसाला असं कधी कुणी पाहिलेलं नव्हतं.

बायकोने भोंगासाहेबांकडे पाहिलं. तिने काही मागितलं नाही. तिला माईकचं ठाऊक होतं.

भोंगासाहेबांनी दाराजवळच्या खुर्चीकडे पाहिलं. आगारप्रमुख त्यांच्याकडेच बघत होते आणि त्यांनी सावकाश मान हलवली, नाही अशी. भोंगासाहेबांनी काचेची खोली आठवली, टेबल आठवलं, सकाळची पहिली घोषणा करण्याआधी माईकवर हलकेच टिचकी मारायची ती खूण आठवली. शिवाय आजवर काच आणि भिंती यांच्याआडून बोललेला माणूस तो. उघड्यावर, अनोळखी लोकांच्या देखत, नुसत्या तोंडाने त्यांनी कधी घोषणा केलेली नव्हती.

मग ते बाकावर चढले.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे!"

तो व्हरांडा जणू त्यांच्यासाठीच बांधलेला होता. आवाज छताला लागला, भिंतींवरून घरंगळत सबंध इमारतीत भरून राहिला. मेहुणा दाराशी थबकला.

"ओठांवरून छातीकडे जाणारी धुराची गाडी कायमची रद्द करण्यात आली आहे. प्रवाशांनी तिची वाट पाहू नये. या मार्गावर यापुढे स्वच्छ हवेची गाडी धावेल."

मेहुण्याचे खांदे खाली आले. बोटांतली सिगारेट आपोआप गळून पडली. तो परत आला, बाकावर बसला, बूट काढून शेजारी शेजारी ठेवले आणि भिंतीला डोकं टेकून लांब, संथ, तळापासून श्वास घेऊ लागला. बाकांवरच्या बाकीच्या ड्रायव्हरांनीही वाकून बूट काढले. त्यांचं बघून दोन-चार रुग्णांनी चपला काढल्या. इंजेक्शनची तयारी करणारी एक नर्स क्षणभर टेबलाला टेकली.

आतून मेहुण्याला हाक आली. भोंगासाहेब खाली वाकून, फक्त त्याला ऐकू जाईल एवढ्याने, म्हणाले, "गाडी लागली रे. जा, घेऊन ये."

मेहुणा नुसत्या मोज्यांवर आत गेला. दार लोटलं. व्हरांड्यात घड्याळाच्या टिकटिकीखेरीज काही नव्हतं. मग आतून एक फुंकर ऐकू आली. ती बराच वेळ संपेना. घाटातल्या चढणीला चांगली गाडी जशी एका गिअरमध्ये, न धापता वरपर्यंत जाते, तशी ती गेली.

वैद्यकीय अधिकारी स्वतः बाहेर आले.

"गेला हो काटा पलीकडे. चांगला गेला. स्टेअरिंग राहू द्या याचं," ते म्हणाले, आणि मग त्यांची नजर ओळीने मांडलेल्या बुटांकडे आणि झोपलेल्या माणसांकडे गेली. "हा काय प्रकार आहे?"

मेहुणा मागे उभा होता. तो बहिणीकडे बघून हसला आणि मग त्याला धड हसताही येईना.

आगारप्रमुख फाइल बंद करून उभे राहिले. "कोणी केली ही घोषणा?" त्यांनी विचारलं. वास्तविक त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, पण चौकशीची म्हणून एक रीत असते. "ज्याने केली त्याने परिणाम लक्षात घेऊन सांगावं. आत्ता, इथे, साक्षीदारांसमोर."

भोंगासाहेब अजून बाकावरच होते. खाली उतरून, मान खाली घालून, हळूच सांगता आलं असतं. त्यांनी कोटाची बटणं लावली, घसा साफ केला आणि आयुष्यातली सगळ्यात स्वच्छ घोषणा केली:

"प्रवाशांनी आणि रुग्णांनी कृपया लक्ष द्यावे. आत्ता झालेली घोषणा चौकशी खिडकीच्या निवेदकाने पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या जबाबदारीवर केलेली आहे. त्याचा मेहुणा आहे त्याच गाडीवर, आहे त्याच मार्गावर राहील. निवेदकाची माईकवरची सेवा मात्र आजपासून बंद होत आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल निवेदक अजिबात दिलगीर नाही."

प्रत्येक घोषणा दोनदा करावी असा नियम आहे. भोंगासाहेबांनी तो पाळला. दुसऱ्या वेळी आवाज जरा जास्तच लागला.

आगारप्रमुख फाइल छातीशी धरून उभे होते. बाकावर बसलेल्या एका अनोळखी बाईंनी शेजारी वाकून भोंगासाहेबांच्या बायकोला दबक्या आवाजात विचारलं, "कोण हो हे? आवाज ओळखीचा वाटतो."

बायको ताठ बसली होती.

"आमचे हे," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.